पांढरपेशे

आमच्या सिंकच्या वर, भिंतीला स्क्रूनं बसवलेल्या निळ्या टोपीखाली, पारदर्शक प्लास्टिकच्या उभट भांड्यात एक गृहस्थ दिवसरात्र पाण्यात उभे असतात. उंची दहा इंच, जाडी मनगटाएवढी, मधून आरपार पोकळ. आले त्या दिवशी अंगावर परीटघडीचा पांढरा पोशाख होता. दुकानदार त्यांना ‘स्पन’ म्हणाला, बसवायला आलेला मुलगा ‘प्री-फिल्टर’ म्हणाला, पावतीवर ‘सेडिमेंट कार्ट्रिज, ५ मायक्रॉन’ असं भारदस्त नाव होतं. आमची ही चहाचं आधण ठेवता ठेवता वर पाहून म्हणाली, “हे कोण पांढरपेशे?” तेच आडनाव कायम झालं.

मला या गृहस्थांबद्दल पहिल्या दिवसापासून आपुलकी वाटली, त्याला कारण आहे. मी बँकेत कॅशियर होतो. एकतीस वर्षं मीही असाच पारदर्शक पिंजऱ्यात काढली. समोरून येईल ते घ्यायचं, तपासायचं, चालेल ते पुढे द्यायचं, न चालेल ते अडवायचं. दर तीन-चार वर्षांनी बदली. पांढरपेशांची बदली दर तीन महिन्यांनी होते, एवढाच फरक. आणि माझ्या बदलीला हार-नारळ असायचा, यांना थेट कचऱ्याची बादली. माणूस जातो, खुर्ची राहते. गेल्या सहा-सात वर्षांत पंचवीसएक पांढरपेशे येऊन गेले असतील, पण घराच्या लेखी ते एकच आहेत.

त्यांचा जन्म कारखान्यातला. पॉलिप्रॉपिलीन वितळवून गरम हवेच्या झोतानं त्याचे केसाहून बारीक तंतू उडवतात आणि फिरत्या दांड्यावर गुंडाळत जातात. जत्रेत काडीवर म्हातारीचे केस चढवतात ना, तसेच. खुबी अशी, की आतले थर घट्ट आणि बाहेरचे सैल. पाणी चारी बाजूंनी अंगात शिरतं, मधल्या पोकळीत पोचतं आणि तिथून पुढच्या यंत्राकडे जातं. वाटेत मोठा कण बाहेरच्या थरात अडतो, मध्यम मधल्या, आणि बारीक अगदी आतल्या पदराशी. सगळी गर्दी एकाच दारात झाली असती तर दार लवकर तुंबलं असतं. म्हणून पांढरपेशांनी अंगभर दारं ठेवली आहेत.

त्यांची परीक्षा मात्र एकच. आकार. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. यांची हद्द पाच. हद्दीपेक्षा मोठं असेल ते बहुतेक सगळं अडवायचं, लहान ते जाऊ द्यायचं. कुळ, गोत्र, चारित्र्य, येण्याचं कारण, काही विचारायचं नाही. वाळूचा कण, गंजाचा पापुद्रा, टाकीतल्या शेवाळाचा तुकडा, प्लंबरनं गुंडाळलेल्या टेपचा धागा, सगळ्यांना एकच माप. जिवाणू असतात एक-दोन मायक्रॉनचे. ते यांच्या बगलेखालून शिट्टी वाजवत पुढे जातात. विषाणू तर त्याहून किती तरी लहान. आणि विरघळलेलं मीठ? ते यांच्या लेखी पाणीच.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या इंजिनिअरना हे पटत नसे. त्यांनी पाण्यात विरघळलेलं मीठ मोजणारं, पेनासारखं टीडीएस मीटर आणलं. उन्हाळा होता, टाकीत बोअरचं पाणी मिसळलेलं. नळाखालच्या पेल्यात पेन बुडवलं, आकडा ४१०. पांढरपेशांच्या हातून आलेल्या पाण्यात बुडवलं, आकडा ४१०. “हे तर काहीच करत नाहीत!” ते विजयी स्वरात म्हणाले.

“अहो, वॉचमनला तुम्ही येणाऱ्याचा रक्तगट विचारताय,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. पण खरं सांगायचं तर घरोघरी पांढरपेशांबद्दल हाच गैरसमज आहे, आणि उलटाही आहे. काही जण त्यांना बिनकामाचे समजतात, काही जण सर्वज्ञ. ‘फिल्टर लावलाय ना, मग उकळायचं कशाला?’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! पांढरपेशांनी असा दावा कधी केलेला नाही. त्यांचं काम पहिल्या दारावरचं. त्यांच्यामागे कोळशाची नळी आहे, ती वास आणि क्लोरीन ओढून घेते. तिच्यामागे आरओचा पडदा, तो मिठापर्यंत पोचतो. शेवटी यूव्हीचा दिवा. हे तिघे हुशार, महागडे आणि पांढऱ्या खोक्यात झाकलेले. पण त्या तिघांची हुशारी पाणी स्वच्छ दिसतंय तोवरच. गढूळ पाण्यात कणांच्या सावल्या पडतात, त्या सावलीत जंतू यूव्हीपासून लपतो. क्लोरीनचंही तेच, कणांच्या आडोशाला बसलेल्या जंतूपर्यंत ते नीट पोचत नाही. म्हणून आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू ठेवली आहे आणि दुसरा उपायच नसेल तर ५ पर्यंत सूट. म्हणून पावसाळ्यात सूचना निघते तीही ‘गाळून, उकळून’ अशी. गाळणं पहिलं.

पांढरपेशांचं घराणं जुनं आहे. त्यांची आजी मी पाहिली आहे. मिरजेजवळ माझं आजोळ. तिथे आजोबांचं विरलेलं धोतर फाडून आजीनं त्याचं दुपदरी फडकं केलं होतं. विहिरीचं पाणी भरताना ते घागरीच्या तोंडाशी खोल दाबून धरायचं, पोहरा हळूहळू रिता करायचा. फडक्याच्या खोलगट पोटात काडी, पालापाचोळ्याचा चुरा आणि एखादा वळवळता पाणकिडा उरायचा. आजी ते फडकं झाडाच्या आळ्यात झटकायची. शेजारच्या जैन काकूंचं मात्र वेगळं. त्या गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं अलगद विसळायच्या आणि ते पाणी पोहऱ्यातून पुन्हा त्याच विहिरीत खाली सोडायच्या. अडवलेल्या जिवाला त्याच्या घरी पोचवल्याशिवाय त्यांचं पाणी भरून होत नसे. लहानपणी आम्हाला हे उगाच लांबण वाटायचं. आज वाटतं, अडवणाऱ्याची इतकी अदब मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

त्या फडक्याला कुणी यंत्र म्हटलं नाही, पण त्यानं केलेली कामगिरी मोठी आहे. नारू आठवतो का? निदान शब्द तरी? पायातून हळूहळू बाहेर येणारा, कधी कधी जवळजवळ मीटरभर लांबीचा जंत. त्याच्यावर लस नव्हती, औषध नव्हतं, आजही नाही. पण त्याची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीकशा जिवाच्या पोटात बसून माणसाकडे येते, आणि तो जीव दाट विणीच्या कापडात अडकतो. मग कार्यकर्त्यांनी गावोगावी गाळणी वाटली, पायऱ्यांच्या विहिरींत माणसांनी उतरणं बंद केलं, हातपंप बसवले. महाराष्ट्रही नारूच्या राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला नारूमुक्त ठरवलं.

बांगलादेशातल्या मतलब भागात तर साडीनंच हे काम केलं. रिटा कॉलवेल आणि अन्वरुल हक या शास्त्रज्ञांच्या चमूनं तिथल्या बायकांना जुनी सुती साडी निदान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले: पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. आता पटकीचा जंतू काही साडीत अडकण्याएवढा मोठा नसतो. पण तो पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या अंगाला चिकटून प्रवास करतो. साडीनं वाहन अडवलं, प्रवासी आपोआप अडकला. फक्त आकार पाहणाऱ्याचं नशीबही कधी कधी असं जोरावर असतं. त्या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. नव्या साडीपेक्षा जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली साडी चांगली गाळते. तिचे तंतू पिंजारलेले असतात आणि भोकं त्यामुळे बारीक होतात.

जुनं, वापरलेलं गाळणं अधिक बारीक गाळतं, ही गंमत थेट हँबुर्गपर्यंत जाते. १८९२ मध्ये तिथे पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसं गेली. शेजारचं आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचं पाणी पीत होतं, तेही हँबुर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे हँबुर्गची घाण मिसळल्यानंतरचं. तरी ते बरंचसं वाचलं. फरक एवढाच, की आल्टोनात पाणी वाळूच्या थरांतून गाळून येत होतं, हँबुर्गात नाही. आणि त्या वाळूच्या गाळणीत खरं काम करतो तो वरचा बुळबुळीत थर. जर्मन भाषेत त्याचं नावच मुळी ‘मळाचं पांघरूण’ अशा अर्थाचं आहे. गाळणी नवी कोरी असते तेव्हा ती कच्ची असते. अंगावर मळ चढला की पक्की होते.

आमच्या पांढरपेशांचं वागणं याच घराण्याला शोभेसं आहे. पहिल्या आठवड्यात ते जरा उदार असतात. मग थरांत गाळ बसतो, वाटा अरुंद होतात आणि आधी निसटून जाणारे कणही सापडू लागतात. मळतील तसे ते कडक होत जातात. किंमत मोजावी लागते ती धारेला. धार आधी करंगळीएवढी, मग सुतळीएवढी, मग थेंब थेंब. शेवटी अशी वेळ येते की अडवायचं कसब शिगेला पोचलेलं आणि पाणी जायला वाट नाही. तोच निवृत्तीचा दिवस.

तोवर त्यांच्या अंगावर आमच्या पाण्याचं पंचांग उमटलेलं असतं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला, या धरणांच्या साखळीतून आमच्या पुण्याचं पाणी येतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डोंगरउतारावरची माती धरणात उतरते. मातीचे बारीक कण मोठे मानी. प्रत्येकावर सारखाच ऋण विद्युतभार, म्हणून कुणी कुणाजवळ येत नाही, आणि एकत्र येत नाहीत म्हणून बुडतही नाहीत. दिवसेंदिवस नुसते तरंगत राहतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी मध्यस्थी करते. भार मिटतो, कणांचे पुंजके होतात, ते तळाशी बसतात, उरलेले वाळूत गाळले जातात. तरीही आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येईतो वाटेत जे काही मिसळतं, ते पांढरपेशांच्या वाट्याला येतं. जुलैत ते दुधाच्या चहासारखे दिसतात. एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी त्यांच्या अंगावर तांबडे ओघळ. आमच्या इमारतीचे जुने लोखंडी पाइप रिकामे होतात, मग पाणी जोरात परत येतं आणि आतला गंज खरवडून आणतं. मे महिन्यात टाकीचा तळ लागतो, तेव्हा हिरवट झाक. टँकर आला की भांड्याच्या तळाशी खरखरीत मुरूम. सोसायटीच्या सभेत पाण्यावर तासभर वाद होतो. मला वाटतं, टेबलावर फक्त पांढरपेशांना उभं करावं.

मागच्या पावसाळ्यात मात्र एक प्रकार घडला. अपराध सर्वस्वी माझा. फिल्टर बसवणाऱ्या मुलाला बोलावलं की तो बदलायचे वेगळे पैसे घेतो, म्हणून मी स्वतःच पाना घेतला, भांडं फिरवून काढलं, जुने पांढरपेशे बाहेर, नवे आत, भांडं आवळलं, गळती नाही. छाती फुगली. जुलै गेला. पांढरपेशे पांढरेच. ऑगस्ट अर्धा झाला, पांढरेच! आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागलो. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘यंदा पाणी अत्यंत स्वच्छ. समितीचं अभिनंदन.’ सतरा अंगठे आले.

मग आरओची धार बारीक झाली. मुलगा आला. त्यानं पांढऱ्या खोक्यातली कोळशाची नळी उघडली तर आतून तपकिरी चिखल. मेम्ब्रेनची अवस्था विचारूच नका. त्यानं वर पांढरपेशांकडे पाहिलं, भांडं उतरवलं आणि त्यांना बोटानं हलवलं. ते दातासारखे हलले.

“काका, हा बसलाच नव्हता.”

“म्हणजे?”

“खाली हा उंचवटा आहे ना, त्यावर याचं भोक बसायला पाहिजे. तिरका राहिलाय. पाणी याच्या अंगातून गेलंच नाही, फटीतून वळसा घालून डायरेक्ट पुढे.”

अडीच महिने पांढरपेशे ड्यूटीवर हजर होते. पाण्यात बुडून उभे होते. आणि त्यांच्याकडे कुणी आलंच नव्हतं. त्या बिचाऱ्यांचा काय दोष! आम्ही मात्र त्यांच्या स्वच्छ सदऱ्यावर खूश होतो.

हे मला तरी आधी कळायला हवं होतं. नोटा मोजणाऱ्याची बोटं संध्याकाळी काळी होतात. हजारो हातांचा घाम, हळद, तेल, तंबाखू नोटांवर असते, ती बोटांवर उतरते; साबणानं दोनदा धुतली तरी नखांच्या कडेला रेघ राहते. आमच्या शाखेत ज्याची बोटं पाच वाजता गोरीपान, त्याच्या खिडकीपुढे त्या दिवशी रांग नव्हती, हे शिपायालाही कळत असे. एकतीस वर्षं हे पाहिलेला माणूस मी, आणि पांढऱ्या नळकांड्याला भुललो.

मेम्ब्रेनचा भुर्दंड भरला. बदलायच्या पैशांच्या किती तरी पट. त्यानंतरचे पांढरपेशे त्या मुलानं बसवले आणि मला बसवायला शिकवलंही: रबरी रिंग खाचेत आहे का पाहायचं, खालचं टोक उंचवट्यावर बसवून घ्यायचं, वरचं टोक बोटानं चाचपायचं, मग भांडं सरळ चढवायचं, आणि पहिलं पाणी दोन-चार मिनिटं सोडून द्यायचं. ब्रशनं घासून पुन्हा वापरू नका, असंही त्यानं बजावलं. जुन्या स्टीलच्या फिल्टरमधली मातीची कँडल घासली की पुन्हा पांढरी व्हायची, कारण तिचा मळ वरच्यावर असायचा. यांचा मळ अंतरंगात असतो.

ते अंतरंग एकदा पाहावं म्हणून नोव्हेंबरमध्ये बदलीच्या दिवशी मी जुन्या पांढरपेशांना बाल्कनीत नेलं आणि लोखंड कापायच्या करवतीनं आडवं कापलं. आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. बाहेरचं कॉफीचं, त्याच्या आतलं चहाचं, मग सायीचं, आणि पोकळीला लागून एक बारीक कड, अगदी पांढरी. उरलेला पावसाळा त्या कडेच्या बाहेर थांबला होता.

भांड्याच्या तळाशी दोन चमचे गाळ होता. बोटांत घेऊन चोळला. मऊ, जवळजवळ लोण्यासारखा, मध्येच एखादा कचकचीत कण. बोटं काळी झाली. गावगाड्याच्या भाषेत कसायची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. काळीत न उतरता पांढरीत बसून पोट भरणारा तो पांढरपेशा, अशी त्या शब्दाची एक फोड सांगतात. त्या हिशेबानं मी अस्सल पांढरपेशा. आमच्या पांढरपेशांच्या अंगाला मात्र कुठल्या तरी उतारावरच्या भातखाचराची काळी चिकटली होती. जैन काकू असत्या तर ती परत पोचवायला निघाल्या असत्या. मला खडकवासला लांब. मी तो गाळ कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि भांडं विसळलेलं पाणीही त्यातच घातलं.

नवे पांढरपेशे बसवले. रिंग पाहिली, टोक चाचपलं, हलवून पाहिलं. हलले नाहीत. त्या दिवशी नेमकं दुपारी पाणी गेलं आणि संध्याकाळी जोरात आलं. दिवेलागणीला ही पाणी प्यायला सिंकपाशी गेली आणि पेला हातात तसाच धरून वर पाहत राहिली. पांढऱ्या सदऱ्यावर खालच्या बाजूला, पान खाणाऱ्याच्या शर्टावर असतो तसा, फिकट तांबूस डाग पडला होता.

“लागले कामाला,” ती म्हणाली.